प्रसूतिलाभ आणि स्त्री-कामगारांबाबतचा भेदभाव

गरोदर व प्रसूत स्त्री-कामगारांना बाळंतपणाच्या आधी व नंतर मिळणारी सवेतन रजा, त्या काळातील नोकरीचे संरक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि तान्ह्या मुलाच्या संगोपनासाठी कामाच्या जागी मिळणाऱ्या सवलती, या सर्वांना मिळून ‘प्रसूतिलाभ’ असे म्हणतात. गरोदरपण, बाळंतपण किंवा त्यांची केवळ शक्यता या कारणावरून स्त्रीला नोकरी नाकारणे, नोकरीतून कमी करणे किंवा तिच्या वेतनात, बढतीत व सेवाशर्तींत न्यूनता आणणे, हा रोजगारातील भेदभावाचा एक प्रकार होय. प्रसूतिलाभाचे कायदे आणि हा भेदभाव यांचा इतिहास परस्परांत गुंतलेला आहे. कायदा झाला तो भेदभावाचे निवारण करण्यासाठी. परंतु कायद्याने टाकलेला खर्च ज्याच्यावर पडला, त्याला स्त्रीला कामावरच न घेण्याचे एक नवे कारणही मिळाले. भारतात, विशेषतः मुंबईच्या कापडगिरण्यांत, या दोन्ही गोष्टी प्रथम स्पष्टपणे दिसून आल्या.

भेदभावाचे स्वरूप : हा भेदभाव सामान्यतः पुढील रूपांत आढळतो : (१) नेमणुकीच्या वेळी विवाह, मासिक पाळी किंवा गरोदरपण यांविषयी माहिती मागवून तीवरून उमेदवार वगळणे; (२) विवाह किंवा पहिले गरोदरपण ही सेवासमाप्तीची अट म्हणून नियमांत घालणे; (३) गरोदरपणाची चिन्हे दिसताच अन्य काही कारण दाखवून कामावरून दूर करणे; (४) पात्रतेसाठी लागणारी सेवा पूर्ण होऊ नये म्हणून हजेरीपटात खंड पाडणे; (५) रोजंदारी, कंत्राटी किंवा उक्ते काम करणाऱ्या स्त्रियांना ‘कामगार’ या व्याख्येबाहेर ठेवणे; आणि (६) रजेवरून परतलेल्या स्त्रीला पूर्वीचे पद, ज्येष्ठता वा बढती न देणे. यांपैकी पहिले दोन प्रकार लेखी नियमांत असल्यामुळे न्यायालयात टिकले नाहीत. उरलेले प्रकार सिद्ध करणे कठीण असल्याने ते दीर्घकाळ टिकून राहिले.

आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमी : कारखानदारीच्या पहिल्या कालखंडात यूरोपात बाळंतिणीला कामावर घेण्यास मनाई करणारे कायदे झाले. स्वित्झर्लंडमध्ये १८७७ च्या कारखाना कायद्याने बाळंतपणाच्या आधी व नंतर मिळून आठ आठवडे आणि जर्मनीत १८७८ च्या दुरुस्तीने प्रसूतीनंतर तीन आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास बंदी घालण्यात आली. नुसती बंदी म्हणजे त्या काळापुरती उपासमार, हे लवकरच ध्यानात आले. जर्मनीतील १८८३ च्या आजारविमा कायद्याने विमा उतरलेल्या स्त्रियांना त्या तीन आठवड्यांसाठी विम्यातून रक्कम देण्याची सोय केली. मनाई, वेतन आणि नोकरीचे संरक्षण या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय प्रसूतिलाभ पुरा होत नाही, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेत (१९१९) मान्य झाले. त्या परिषदेच्या तिसऱ्या संकेताने प्रसूतीपूर्वी सहा आठवडे रजेचा हक्क, प्रसूतीनंतर सहा आठवडे कामास मनाई, त्या काळात सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून निर्वाहरक्कम, रजेच्या काळात कामावरून काढण्यास बंदी आणि कामाच्या वेळात अंगावर पाजण्यासाठी दोनदा अर्ध्या तासाची सुटी अशा तरतुदी केल्या. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून या परिषदेस ना. म. जोशी (१८७९–१९५५) उपस्थित होते. भारतावर हा संकेत लागू झाला नाही. मात्र प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रिया कामावर असण्याच्या प्रश्नाचा अभ्यास करून अहवाल द्यावा, असे भारत सरकारला सांगण्यात आले.

मुंबईच्या गिरण्यांतील स्थिती : १९२० च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी साधारणतः पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग व रीळ या खात्यांत काम करीत. काम उक्ते असे. जितके सूत गुंडाळावे, तितका दाम. या खात्यांवर नायकिणींची देखरेख असे. कामावर घेणे, काढणे आणि कोणाला कोणती जागा द्यावयाची हे पुष्कळसे नायकिणीच्या हाती असल्याने बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी गेलेल्या स्त्रीची जागा तिच्या मागे दुसरीला दिली जाई. परत आल्यावर तिला पुन्हा नव्याने, बहुधा बदली म्हणून आणि प्रसंगी नायकिणीला दस्तुरी देऊन कामावर लागावे लागे. त्यामुळे अनेक स्त्रिया दिवस भरत येईपर्यंत साच्यापाशी उभ्या राहून काम करीत व बाळंत झाल्यावर शक्य तितक्या लवकर परतत. कामावर असताना तान्हे मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूमिश्रित ‘बाळगोळी’ देण्याची चाल गिरणगावात सर्वत्र होती.

मुंबई सरकारने या प्रश्नाच्या पाहणीसाठी डॉ. एफ. डी. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या लेबर गॅझेट या मासिकात प्रसिद्ध झाला. चाळींतील एकखणी बिऱ्हाडे, बाळंतपणाच्या वेळची अस्वच्छता, मातेचे कुपोषण आणि अफूचा सार्वत्रिक वापर यांचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. १९२१ मध्ये मुंबई शहरातील नोंदलेला अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजारी ६०० हून अधिक होते. अनेक जन्म शहराबाहेर होऊन येथे नोंदले जात नसल्याने हा आकडा काहीसा फुगलेला होता. तरीही सर्व सूट देऊनही परिस्थिती भयावह होती, याविषयी मतभेद नव्हता. याच सुमारास काही मोजक्या गिरण्यांनी स्वेच्छेने बाळंतपणासाठी रक्कम देण्याची पद्धत सुरू केली; परंतु बहुसंख्य गिरण्या त्यापासून दूर राहिल्या.

मुंबई प्रसूतिलाभ कायदा, १९२९ : ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. त्यानंतर हा प्रश्न मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात आला. तेथे आर. एस. आसवले यांनी मांडलेल्या विधेयकावरील चर्चेत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या समर्थनार्थ भाषण केले. विरोधकांचे आक्षेप मुख्यतः दोन होते : हा भार केवळ मुंबई इलाख्यातील उद्योगांवर पडेल व इतर प्रांतांच्या स्पर्धेत ते मागे पडतील; आणि खर्च वाढल्यास मालक स्त्रियांना कामावर ठेवणारच नाहीत.

आंबेडकरांच्या युक्तिवादात या प्रश्नाच्या पुढील इतिहासाचे सूत्र आढळते. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, असे त्यांनी मान्य केले. तथापि सरकार तो उचलीत नाही तोवर मालकाला जबाबदारीतून मोकळे करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विशिष्ट कामांसाठी मालक पुरुषांऐवजी स्त्रियांना ठेवतो, ते त्यात त्याला अधिक लाभ असतो म्हणून. ज्याला स्त्रीच्या श्रमापासून लाभ होतो, त्याने तिच्या बाळंतपणाच्या खर्चाचा काही भाग सोसणे न्याय्य ठरते, अशी ही मांडणी होती.

विधेयक संमत होऊन १९२९ मध्ये कायदा अमलात आला. प्रसूतिलाभाविषयीचा भारतातील हा पहिला कायदा होय. सहा महिने एकाच कारखान्यात काम केलेल्या स्त्रीला प्रसूतीपूर्वी तीन व प्रसूतीनंतर चार असे सात आठवडे रजा आणि मोठ्या शहरांत दररोज आठ आणे या दराने रक्कम देण्याची त्यात तरतूद होती. ही रक्कम गिरणीतील स्त्रीच्या सर्वसाधारण कमाईपेक्षा कमी होती आणि ती सर्वस्वी मालकाने द्यावयाची होती. पुढे १९३४ च्या दुरुस्तीने पात्रतेचा काळ नऊ महिन्यांवर नेण्यात आला. खानदेश-वऱ्हाडातील सरकी काढण्याच्या व रुईच्या गठ्ठ्या बांधण्याच्या हंगामी कारखान्यांत हजारो स्त्रिया राबत. परंतु हंगामच काही महिन्यांचा असल्यामुळे अशा अटी पूर्ण करणे त्यांना अशक्यप्राय होते. मध्य प्रांतात १९३० मध्ये व मद्रासमध्ये १९३४ मध्ये अशाच स्वरूपाचे कायदे झाले. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात असे कायदे देशभर करावेत, अशी शिफारस केली. त्यानंतर इतर प्रांतांतही ते क्रमाक्रमाने झाले. खाणींतील स्त्रियांसाठी मध्यवर्ती कायदा १९४१ मध्ये झाला. त्याच्या १९४३ मधील दुरुस्तीचे विधेयक व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य या नात्याने आंबेडकरांनीच मांडले.

कायद्याचा उलटा परिणाम : कायदा कागदोपत्री स्त्रीच्या बाजूचा होता, त्याची अंमलबजावणी मात्र मालकाच्या हिशेबवहीतून होत असे. डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार-अन्वेषण समितीने (१९४४–४६) देशातील निरनिराळ्या उद्योगांची पाहणी केली, तेव्हा कायदा चुकविण्याच्या अनेक वाटा तिच्या निदर्शनास आल्या. गरोदरपणाची पहिली चिन्हे दिसताच स्त्रीला कामावरून कमी करणे, शक्यतो अविवाहित मुली, विधवा किंवा मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रियाच कामावर घेणे, या त्यांपैकी प्रमुख होत. निरक्षर स्त्रीला लेखी सूचना देणे, प्रसूतीचा दाखला मिळविणे, रक्कम हप्त्यांनी घेण्यासाठी कारखान्यात खेपा घालणे हेही अवघड होते. बाळंतपणासाठी गावी गेलेल्या स्त्रीची रक्कम पुष्कळदा बुडत असे.

याच काळात मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले आणि स्वातंत्र्योत्तर काळात ते अत्यल्प झाले. या घटीची सर्व जबाबदारी प्रसूतिलाभावर टाकता येत नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू झालेली पुनर्रचना, जलद गतीची वाइंडिंग यंत्रे, रात्रपाळीत स्त्रियांना कामावर ठेवण्यास असलेली कायदेशीर बंदी, दोन-तीन पाळ्यांची पद्धत आणि पुरुष कामगारांची वाढती उपलब्धता ही कारणे अधिक बलवत्तर होती. कापडाच्या एकूण उत्पादनखर्चात प्रसूतिलाभाचा वाटा नगण्य होता. तरीही यंत्रे बदलताना कोणाला काढावयाचे असा प्रश्न उद्भवला, की पाळणाघर, प्रसूतिलाभ व रात्रपाळीची बंदी या तिन्ही गोष्टी स्त्रीच्याच नावे खर्ची पडत. कामगार संघटनांनीही पुरुषांच्या नोकऱ्या टिकविण्याकडे अधिक लक्ष पुरविले. परिणामतः ज्या खात्यांतील स्त्रियांसाठी देशातील पहिला प्रसूतिलाभ कायदा झाला, ती खाती दोन पिढ्यांत जवळजवळ पुरुषांची झाली.

विमा की मालकाची जबाबदारी : हा दोष टाळण्याचा मार्ग विम्याचा होता. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ अन्वये मालक व कामगार यांच्याकडून सर्व कामगारांच्या, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, वेतनाच्या ठराविक प्रमाणात वर्गणी घेतली जाऊ लागली व प्रसूतिलाभ त्या निधीतून दिला जाऊ लागला. अशा पद्धतीत गरोदर स्त्रीला कामावर ठेवल्याने त्या विशिष्ट मालकाचा रोख खर्च वाढत नाही आणि तिला टाळल्याने तो कमीही होत नाही. ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली व पुढे इतर औद्योगिक केंद्रांत पसरली. तथापि तिची व्याप्ती वेतनमर्यादेने सीमित राहिली. ही मर्यादा २०१७ मध्ये दरमहा २१,००० रु. करण्यात आली. तीहून अधिक वेतन घेणाऱ्या स्त्रिया आणि विमा योजना लागू नसलेली क्षेत्रे यांचा प्रसूतिलाभ मालकाच्याच माथी राहिला.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने कामाच्या न्याय्य व मानवोचित परिस्थितीची आणि प्रसूतिसाहाय्याची तरतूद करण्याचा निदेश राज्याला दिला आहे. प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या कायद्यांऐवजी संसदेने प्रसूति लाभ अधिनियम, १९६१ संमत केला. तो १९६३ पासून अमलात येऊ लागला. त्याने बारा आठवड्यांची सवेतन रजा, गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या आणि रजेच्या काळात कामावरून काढण्यास मनाई या तरतुदी सर्वत्र सारख्या केल्या. लाभ बुडविण्याच्या हेतूने गरोदर स्त्रीला आधीच काढून टाकले, तरी तिचा लाभाचा हक्क जात नाही, ही बाराव्या कलमातील तरतूद जुन्या अनुभवातूनच आली होती. पात्रतेसाठी मूळ अधिनियमात १६० दिवसांच्या कामाची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आणली, तसेच दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या दुकानांना व आस्थापनांना अधिनियम लागू केला. मालकाने एकट्याने खर्च करावयाचा, हे तत्त्व मात्र कायम राहिले. १९६९ च्या राष्ट्रीय श्रम आयोगाने यासाठी मध्यवर्ती निधीची कल्पना मांडली होती, परंतु ती कार्यवाहीत आली नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९५२ च्या १०३ व्या संकेताने, स्त्रीच्या प्रसूतिलाभाच्या खर्चास तिचा मालक व्यक्तिशः कधीही जबाबदार असू नये, असे स्पष्ट म्हटले होते. हे तत्त्व भारतात केवळ विमा योजनेपुरतेच उतरले.

न्यायालयीन निर्णय : नोकरीच्या नियमांतील उघड भेदभावाविरुद्धचे काही महत्त्वाचे खटले मुंबईतूनच उभे राहिले. एका औषधनिर्मिती कंपनीच्या पॅकिंग खात्यातील स्त्रियांनी विवाह करताच त्यांची सेवा संपुष्टात येईल, असा नियम होता. तो रद्द करण्याची मागणी औद्योगिक न्यायाधिकरणाने फेटाळल्यावर कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस या खटल्यात न्यायालयाने १९६५ मध्ये हा नियम असमर्थनीय ठरविला. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने दाखवून दिले, की फरक असलाच तर तो प्रसूतिरजेपुरता आहे आणि रजेवरील माणसांच्या जागी काम करण्यासाठी काही जादा माणसे ठेवून ती अडचण दूर करता येते. भारतीय परराष्ट्र सेवेतील विवाहविषयक नियमांवर सी. बी. मुथम्मा खटल्यात (१९७९) न्यायालयाने कठोर शब्दांत टीका केली.

एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा (१९८१) हा याविषयीचा सर्वांत गाजलेला खटला होय. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना वयाच्या ३५ व्या वर्षी, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, सेवानिवृत्त व्हावे लागे. न्यायालयाने गरोदरपणाची अट मनमानी व संविधानाच्या अनुच्छेद १४ चा भंग करणारी म्हणून रद्द केली. चार वर्षांनंतर विवाहास मुभा द्यावयाची आणि नंतर मूल होताच नोकरी घ्यावयाची, म्हणजे स्त्रीला मूल होऊ न देण्यास भाग पाडणे होय व तो भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र चार वर्षांच्या आतील विवाहावरील बंदी त्याने योग्य ठरविली, आणि हवाई सुंदरी व पुरुष सेवक हे सेवेतील भिन्न वर्ग असल्याने त्यांच्या सेवाशर्तींतील तफावत हा लिंगभेद नव्हे, ही भूमिकाही घेतली. या भूमिकेवर पुढे पुष्कळ टीका झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७६ मध्ये, गरोदरपण विमा-योजनेतून वगळणे हा लिंगभेद नव्हे, असा निर्णय दिला होता. तेथील काँग्रेसने १९७८ मध्ये स्वतंत्र कायदा करून तो निष्प्रभ केला.

नीरा माथुर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ (१९९१) या खटल्यात परिवीक्षाकाळात प्रसूतिरजा घेतलेल्या स्त्रीला नोकरीतून कमी करण्यात आले होते. नेमणुकीच्या वेळी भरून दिलेल्या प्रतिज्ञापत्रात तिने शेवटच्या मासिक पाळीची तारीख चुकीची दिली, असे महामंडळाने न्यायालयात सांगितले. अशी माहिती विचारणेच स्त्रीच्या शालीनतेला धक्का देणारे आहे, असे म्हणून न्यायालयाने तिला परत कामावर घेण्याचा आणि ते रकाने काढून टाकण्याविषयी आदेश दिला. हा प्रश्न एवढ्याने सुटला नाही. भारतीय स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या निवड झालेल्या स्त्रियांना ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरविणारी सूचना काढली आणि सार्वत्रिक टीकेनंतर २०२२ च्या जानेवारीत ती मागे घेतली.

लाभाच्या व्याप्तीविषयीचे निर्णयही महत्त्वाचे आहेत. बी. शाह खटल्यात (१९७७) मळ्यातील स्त्री-कामगाराचा प्रसूतिलाभ मोजताना आठवड्यात रविवारही धरला पाहिजे, असे ठरले. दिल्ली महानगरपालिका विरुद्ध स्त्री-कामगार (८ मार्च २०००) या खटल्यात हजेरीपटावरील रोजंदारीच्या स्त्रियांनाही हा लाभ मिळाला. कंत्राटाची मुदत संपली, तरी लाभाचा हक्क पुऱ्या कालावधीसाठी टिकतो, असे कविता यादव खटल्यात (२०२३) न्यायालयाने स्पष्ट केले.

२०१७ ची दुरुस्ती व त्यानंतर : २०१७ च्या दुरुस्ती अधिनियमाने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेचा काळ बारांवरून सव्वीस आठवड्यांवर नेला. दत्तक घेणाऱ्या मातांना बारा आठवड्यांची रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. रजेच्या लांबीच्या दृष्टीने भारत त्यामुळे जगातील पुढारलेल्या देशांच्या पंक्तीत जाऊन बसला. परंतु दुपटीहून अधिक वाढलेला हा खर्च, विमा योजनेबाहेरील स्त्रियांच्या बाबतीत, पूर्णतः मालकावरच पडला. त्याचा काही भाग शासनाने परत करावा, अशी योजना विचाराधीन असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. तथापि कायद्यात ती तरतूद आली नाही. दहा-वीस माणसांच्या लहान आस्थापनांत हा भार अधिक जाणवतो आणि मुलाखतीत विवाहाविषयी व मुलांविषयी विचारले जाणारे प्रश्न त्याचेच द्योतक होत. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिने प्रसूतिलाभाच्या पूर्वीच्या तरतुदी मुख्यतः जशाच्या तशा ठेवल्या.

असंघटित क्षेत्र : भारतातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया शेती, बांधकाम, घरकाम, विडीकाम अशा क्षेत्रांत आहेत आणि त्यांना मालक-नोकर संबंध सिद्ध करता येत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रु. देण्याची तरतूद केली. त्याखाली २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना सुरू झाली, पण तीत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रु. एवढीच रक्कम ठेवण्यात आली. ही रक्कम जेमतेम काही आठवड्यांच्या मजुरीएवढी होते.

या वर्गाची स्थिती मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या उदाहरणावरून समजते. ऊसतोडीत पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली जाते आणि कामावर खाडा झाल्यास दंड कापला जातो. स्त्रीचे स्वतंत्र नाव हजेरीत नसते. म्हणून रजा, प्रसूतिलाभ किंवा नोकरीचे संरक्षण हे शब्दच तेथे लागू पडत नाहीत. दिवस भरलेल्या स्त्रिया मोळ्या वाहतात आणि फडातच बाळंत झाल्याची उदाहरणे आहेत. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढल्याच्या तक्रारींवरून महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांसह अनेक कारणे असली, तरी आजारपणाचा व पाळीचा खाडा परवडत नाही, हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. गिरणीत बाळंतपणाचा खर्च मालक टाळीत असे. येथे तो टाळण्याची जबाबदारीच स्त्रीच्या शरीरावर पडली.

मूल्यमापन : सुमारे शंभर वर्षांच्या या वाटचालीत रजा सात आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढली, उघड भेदभावाचे नियम न्यायालयांनी मोडीत काढले आणि संरक्षणाची भाषा दयेची न राहता हक्काची झाली, ही या कायद्यांची निःसंशय कमाई आहे. तथापि बाळंतपणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात निघालेला प्रश्न पुरता सुटलेला नाही. तो एकेका मालकावर टाकला, तर कायदा जितका उदार, तितकी स्त्रीला टाळण्याची प्रवृत्ती बळावते. आणि तो कोणावरच टाकला नाही, तर स्त्री व तिचे मूल तो आपल्या आरोग्याने भरून देतात. सर्व कामगारांच्या वेतनावर आधारलेला विमा किंवा सार्वजनिक निधी, त्याच्या कक्षेत असंघटित स्त्रियांचा समावेश आणि बालसंगोपनाच्या रजेत पित्याचाही वाटा, या दिशेनेच भेदभावाचे आर्थिक कारण नाहीसे होऊ शकते. मातेची विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिच्या खर्चाचा मोठा वाटा शासनाने उचलावा, हा आंबेडकरांच्या भाषणातील विचार कायद्याच्या पुस्तकात अद्याप केवळ अंशतःच उतरला आहे.